सासूबाईंचा पाइप आणि सासऱ्यांचं नाक

माझ्या सासूबाई पाइप ओढायच्या. हौस म्हणून नाही, नोकरी म्हणून. लोकांना हे सांगितलं की आधी ते हसतात, मग माझ्याकडे निरखून बघतात आणि मी थट्टा करत नाही हे कळलं की खुर्ची पुढे ओढून घेतात.

लग्न ठरण्याआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्या मागच्या गॅलरीत उभ्या होत्या. नीट चापूनचोपून बसवलेले पिकलेले केस, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि ओठांच्या कोपऱ्यात पाइप. डोळे मिटलेले. मी दारातच थबकले. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "आलीस का? बस गं. पाइपची एवढी वाटी संपू दे. मध्येच सोडली तर पुन्हा पहिल्यापासून धरावी लागेल."

घरी परतल्यावर माझ्या आईनं काळजीनं विचारलं, "सासू तापट आहे का?"

"तापट नाही," मी म्हटलं, "पण धूर निघतो."

लग्नानंतर मीही त्यांना आईच म्हणू लागले, म्हणून इथेही तसंच म्हणते. आई एका जुन्या तंबाखूच्या कारखान्यात होत्या. तिथे पाइपची सौम्य, सुगंधी मिश्रणं तयार व्हायची. वाफवून काळी केलेली गोडसर पानं, उन्हासारखी पिवळी पानं, आणि तिसरी बदामी रंगाची, कोरडी. या तिसऱ्या पानांना स्वतःची फारशी चव नसते, पण त्यांच्यावर मध, व्हॅनिला, चेरी, कोको काहीही शिंपडा, ती ते टिपकागदासारखं पिऊन घेतात. हे सगळं कशात किती मिसळायचं ते मिश्रणकार ठरवायचे. जमलं की फसलं, हे आई ठरवायच्या.

त्या तिथे लागल्या तेव्हा पानांचे देठ काढायच्या टेबलावर होत्या. मिश्रणं तपासायला एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मास्तरांची जीभ वयानं बोथट होत चालली होती, आणि ते स्वतःच हे कबूल करायचे. त्यांच्या जागी कोण, म्हणून कारखान्यातल्या एकेकाला बोलावून पाइप हातात दिला गेला. मिशीवाले झाडून सगळे आले आणि इंजिनासारखा धूर काढून गेले. शेवटी मास्तर देठांच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बायांपैकी कुणी बघणार का?" सगळ्याजणी एकमेकींकडे बघू लागल्या. आई उठल्या.

"अगं, मला वाटलं ठसका लागेल, सगळे हसतील आणि मी परत येऊन बसेन," त्या सांगायच्या. पण ठसका लागला नाही. मास्तरांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडातच फिरवायचा, गरम दुधाचा घोट फिरवतात तसा. घाई केलीस की वाटी तापते, आणि वाटी तापली की धूर जिभेला चावतो. कडक तंबाखू कुणीही ओळखेल. सौम्य तंबाखू लाजाळू असते. तिला बोलायला वेळ द्यावा लागतो."

आईंनी दिला. वाटी कशी भरायची हेच त्या कितीतरी दिवस शिकत होत्या. तळाशी हलक्या हातानं, मधे जरा दाबून, वर घट्ट. पहिल्या काडीनं फक्त वरचा थर फुलवायचा, तो विझू द्यायचा, छोट्या दट्ट्यानं सपाट करायचा, आणि मग खरी काडी लावायची. सुरुवातीला सगळीच मिश्रणं गोड लागतात, खरा स्वभाव अर्ध्या वाटीनंतर कळतो. तळाशी जाताना मिश्रण आंबट झालं, कडवट झालं किंवा ओलं होऊन गुरगुरायला लागलं, की ते नापास.

आता सासरे कुठून आले ते सांगते, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही.

बाबा, म्हणजे माझे सासरे, त्याच कारखान्यात डब्यांच्या झाकणांवरची अक्षरं काढायचे. त्यांनी आयुष्यात एक झुरका घेतला नाही. पण मिश्रणं तपासायच्या खोलीतला उजेड साऱ्या इमारतीत चांगला होता, म्हणून त्यांचा चित्रफलक आणि खुर्ची त्या खोलीतच, खिडकीपाशी होती. मास्तर गेले तरी ते तिथेच राहिले. बोलणं अगदी कमी. दिवसभर मान खाली, हातात ब्रश.

एकदा आई एक मिश्रण ओढून मिश्रणकारांना सांगत होत्या, "व्हॅनिला फार झालाय. जिभेवरून उतरतच नाही."

खिडकीतून आवाज आला, "इथे तर व्हॅनिला पोचलेलाच नाही."

आईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्ही अक्षरं काढा," त्या म्हणाल्या.

"काढतोय," बाबा म्हणाले. "पण डब्यावर 'व्हॅनिला' लिहायचं असेल तर तो थोडा इकडेही पाठवा."

दोघंही बरोबर होते. जो ओढतो त्याला एक चव येते, आणि जो शेजारी बसतो त्याला वेगळाच वास येतो. जीभ धुराच्या आत असते, खोली बाहेर. पाइप ओढणाऱ्याला स्वतःच्या पाइपचा खोलीतला वास कधीच कळत नाही. त्याचं नाक त्याच धुरात बुडालेलं असतं. पण तंबाखू विकत घेणारा माणूस घरात बसून ओढणार, आणि घरातल्यांना तो वास सोसावा लागणार. तेव्हापासून ठरलं, आईंनी ओढायचं, बाबांनी सांगायचं. दोघांनी मान हलवली तरच मिश्रण बाहेर. वर्षभरात त्यांचं लग्नही झालं. कोणी कोणाला विचारलं हे मी दोघांनाही विचारून पाहिलं. आई म्हणायच्या "यांनी", आणि बाबा फलकाकडे बघत हसायचे.

त्यांची जोडी मी कितीतरी वर्षं पाहिली. मिश्रणांना नावंही बाबाच द्यायचे. 'दुपार', 'पाहुणा', 'जुना कोट'. आई तक्रार करायच्या, "कोट कोण ओढेल?" आणि लोक हटकून 'जुना कोट'च मागायचे.

मग बाबा गेले. फार काळ आजारी नव्हते. हृदय थकलं होतं, ते थांबलं. आई काही दिवसांनी कामावर परत गेल्या, पण त्यांचं मन लागेना. वाटी संपली की सवयीनं खिडकीकडे बघायच्या. मालक स्वतः येऊन त्या खुर्चीत बसायला लागले. माणूस भला, पण त्यांना सगळंच छान वाटायचं. "छान आहे," "फार छान आहे," "वा!" आई वैतागून म्हणायच्या, "यांच्या नाकासमोर जळका पोळपाट धरला तरी वा म्हणतील."

त्यात भर म्हणून जिभेच्या कडेला एक पांढरा डाग उठला. मी जबरदस्तीनं डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी दिव्याखाली बराच वेळ पाहिलं, एक बारीक तुकडा तपासायला घेतला आणि म्हणाले, "पाइप बंद. कमी नाही, बंद. आजपासून."

तोंडचं पाणी माझं पळालं. आईंनी पर्समधून पाइप काढला, दट्ट्या काढला, साफ करायच्या तारांचं पुडकं काढलं आणि सगळं त्यांच्या टेबलावर नीट मांडून ठेवलं.

"हे काय?" डॉक्टर गडबडले.

"तुमच्याकडेच असू द्या," आई म्हणाल्या. "घरी नेला तर माझ्याशी बोलेल."

रिपोर्ट चांगला आला. काही घातक नव्हतं. पण त्यांनी पाइपला पुन्हा हात लावला नाही. सारी हयात ज्या माणसाच्या हातात ती वस्तू पाहिली, त्यानं ती चष्मा काढून ठेवावा तशी ठेवून दिली. माझा नवरा सिगारेट सोडायची म्हणून वर्षानुवर्षं घर डोक्यावर घेत होता. त्यानं ते पाहिलं आणि एक अवाक्षर न बोलता आपलं पाकीट कचऱ्यात टाकलं.

आई महिनाभर घरी होत्या. मग राजीनामा द्यायला म्हणून मालकांकडे गेल्या. मी तेव्हा घरूनच शिवणकाम करायचे, वेळ माझ्या हातात होता, म्हणून मीही बरोबर होते.

मालक म्हणाले, "जीभ नाही तर नाही. नाक आहे ना?"

"माझं नाक आतलं," आई म्हणाल्या. "बाहेरचं नाक यांचं होतं. ते गेलं."

"एकदा बसून तर बघा. नाही जमलं तर राजीनामा घेतो. ओढायला आपले मिश्रणकार आहेत."

मिश्रणकार म्हणजे छातीपर्यंत दाढी असलेला एक धिप्पाड माणूस. त्यांना सगळे दाढीच म्हणायचे. ते पाइप घेऊन आले आणि आईंच्या नेहमीच्या जागी, लहान टेबलापाशी बसले. खोलीत दुसरी खुर्ची एकच. आई क्षणभर उभ्या राहिल्या. मग खिडकीपाशी जाऊन बाबांच्या खुर्चीत बसल्या. इतकी वर्षं त्याच खोलीत काढून त्या तिथे कधी बसल्या नव्हत्या. मी दाराशी उभी होते.

दाढींनी 'दुपार' भरली होती. सगळ्यांत जुनं, सगळ्यांत सौम्य मिश्रण. आईंनीच पास केलेलं, शेकडो वेळा ओढलेलं. पहिली काडी, दट्ट्या, दुसरी काडी. निळसर धूर टेबलावरून उठला, छताखाली जरा रेंगाळला आणि उजेडातून खिडकीकडे सरकला.

आई ताठ बसल्या होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या. मग त्यांचे खांदे एकदम सैल पडले. हात फलकाच्या कडेवर गेला आणि त्यांनी ती कड घट्ट धरली.

"हे काय आहे?" त्या दाढींना म्हणाल्या.

"दुपार."

"नाही. दुपार मला माहीत आहे. दुपार म्हणजे सुकं गवत. गोडसर गवत आणि शेवटी थोडा कोको."

दाढी गोंधळले. "मलाही तेच लागतंय, बाई. गवतच."

"मग इथे हे काय येतंय?"

मी पुढे होऊन त्यांच्याजवळ गेले. मला तो वास ओळखीचा होता. बाबांच्या शर्टांना तोच यायचा. गरम लाकूड, पिकलेलं फळ, नुकतंच ओव्हनमधून काढलेलं काहीतरी, आणि त्या सगळ्याखाली मऊ, उबदार असं काही, ज्याला मला शब्द नाही.

आईंना होता. "कुणीतरी घरी आल्यासारखं वाटतंय," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे लहान मुलासारखे मोठे झाले होते. "अगं, हे असं असायचं? मी रोज तिकडे गवत चघळत बसायचे, आणि यांना इथे हे मिळायचं? रोज?"

दाढींचा पाइप हातातच विझला.

"विझवू नका!" आई ओरडल्या. "लावा, लावा!"

राजीनाम्याचं नावही कोणी काढलं नाही. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी दाढींना एकेक जुनं मिश्रण भरायला लावलं. नवं काम थोडं बाजूला पडलं, आणि मालकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. 'पाहुणा' लावला तेव्हा आई मोठ्यानं हसल्या. जिभेवर तो चेरीचा साधा गोडवा, पण खोलीत मात्र अत्तर लावून आलेल्या माणसासारखा, आल्याबरोबर सगळी जागा व्यापणारा. "म्हणून 'पाहुणा'! आणि मी यांच्याशी भांडले होते, चेरीच्या तंबाखूला चेरीचं नाव का देत नाही म्हणून!" 'जुना कोट'च्या वेळी त्या हसल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून, वाटी संपेपर्यंत डोळे मिटून बसल्या. बाबा कमी बोलायचे असं आम्ही सगळेच समजत होतो. त्या खुर्चीत बसल्यावर कळलं की प्रत्येक झाकणावर ते बोलून गेले होते, फक्त ऐकायला बसायची जागा दुसरी होती.

एक मिश्रण मात्र कधी बाजारात गेलं नव्हतं, त्यामुळे त्याला नावही नव्हतं. ते आईंनी स्वतः सुचवलेलं. जळक्या साखरेचं, वर थोडी साय घातल्यासारखं. जिभेवर त्याच्या तोडीचं त्यांनी दुसरं ओढलं नव्हतं. बाबांनी नाही म्हटलं होतं. का, तर म्हणे, "मागून बरं नाही." एवढंच. आई खूप दुखावल्या होत्या. माझं पहिलंच मिश्रण, आणि यांना तेवढंच खटकावं! त्या दोघांनी अबोला धरलेला मी तेवढाच एकदा पाहिला.

आता त्यांनी दाढींना ते पुन्हा करायला सांगितलं. प्रमाण सगळं त्यांच्या तोंडपाठ होतं. मालकही येऊन उभे राहिले. काडी लागली, आणि खोलीभर असा काही वास सुटला की मला भूक लागली. मालक "वा!" म्हणाले, आणि या वेळी ते खरंच वा होतं.

आईंनी छताकडे पाहिलं. "बघा," त्या म्हणाल्या, आणि त्या आमच्याशी बोलत नव्हत्या. "काय वाईट होतं यात? सांगा की!"

वाटी संपली. दाढी पाइप साफ करायला बाहेर गेले, मालकही गेले. मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. आई मात्र उठल्या नाहीत. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, उठायचं काही कारणच सुचलं नाही, हे नसते का बसले अक्षरं काढत, म्हणून मीही बसले.

बऱ्याच वेळानं आतून हाक आली. "अगं, इकडे ये. लवकर ये!"

मी घाबरून आत धावले आणि दारातच नाक मुरडलं. भांड्याच्या तळाशी दूध लागून करपावं, वर त्यात ओला लोकरी स्वेटर वाळत घालावा, तसा वास खोलीत बसला होता. पडद्यात, फलकाच्या लाकडात, सगळीकडे. मघाचा गोडवा कुठल्या कुठे गेला होता.

आई हसत होत्या. इतक्या हसत होत्या की डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मग ते पाणी कशाचं ते त्यांनाही कळेनासं झालं.

"मागून बरं नाही," त्या म्हणाल्या. "मागून म्हणजे नंतर! अगं, वाटी संपली की मी उठून जायचे. तोंड धुवायला, चहा प्यायला, मिश्रणकारांशी भांडायला. हे इथेच असायचे. मी गेल्यावर जे उरायचं त्यात बसून हे काम करायचे, दिवसभर. आणि मला म्हणाले काय, तर 'मागून बरं नाही'. जरा नीट सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं!"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो थोपटला, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. मग उठून त्या खोलीत हळूहळू फिरू लागल्या, पडद्याला नाक लावत होत्या, फलकाला लावत होत्या, एखाद्या अनोळखी देवळात आल्यासारख्या.

त्यानंतर आई आणखी पुष्कळ वर्षं कामावर होत्या. तपासायची पद्धत त्यांनी बदलून टाकली. पाइप संपला की दाढींनी बाहेर जायचं, दार लोटायचं, आणि आईंनी आतच बसून राहायचं. कितीतरी चांगली वाटणारी मिश्रणं त्यांनी अशी मागच्या दारानं नापास केली. दाढी चिडायचे. "बाई, जिभेवर मध आहे हो मध!" आई खिडकीतून म्हणायच्या, "मध तुम्ही खाल्लात. माश्या माझ्याकडे आल्यात." कारखान्यातली माणसं कामं सोडून ती भांडणं ऐकायला बोळात उभी राहायची. डॉक्टर दरवर्षी जीभ बघायचे आणि मान हलवायचे. डाग पुरता गेला.

पण मला सांगायचं आहे ते घरातलं. पाइप सुटल्यावर त्यांचं नाक जे उघडलं ते उघडतच गेलं. त्या स्वयंपाकघरात येऊन माझ्यामागे नुसत्या उभ्या राहायच्या. कांदा परतताना सुरुवातीला एक वास येतो आणि तांबूस झाल्यावर दुसरा, हे त्यांनी मला इतक्या नवलानं सांगितलं की मी पळी हातात धरून ऐकत राहिले. इस्त्रीखालचं सुती कापड, पाऊस पडून गेल्यावरचा जिना, साबणाची नवी वडी. साऱ्या घरातून त्या नव्या गावात आल्यासारख्या फिरायच्या, आणि त्यांच्यामागे फिरताना मलाही माझं घर नव्यानं कळू लागलं.

एका सकाळी माझी मुलगी शाळेत निघाली होती. आई तिच्या वेणीला रिबीन बांधत होत्या. बांधता बांधता त्यांचे हात थांबले. त्यांनी वाकून तिच्या टाळूवर नाक टेकवलं आणि तसंच राहू दिलं. ती जन्मल्यापासून त्यांच्या मांडीवर वाढली होती.

"अगं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता, "हिला असा वास येतो?"

मुलगी फणकाऱ्यानं मागे वळली. "आजी! मी आंघोळ केलीय!"

"हो गं बाई, केलीस," आई म्हणाल्या. "जरा थांब. उशीर झाला तर मी येते शाळेत सांगायला."